कोरी नळी

कोऱ्या नळीतला एन्झाइम जागा झाला तेव्हा काशिवादाला सर्वांत आधी वाटला तो कंटाळा. आश्चर्य नंतर आलं आणि भीती त्याच्याही मागून, पाय ओढत आली. आधी नुसता कंटाळा. घरी पोचून बूट काढावेत आणि तेवढ्यात दूध आणायचं राहिल्याचं आठवावं, तसला. त्यानं मोजणीयंत्रातून आलेला कागद उजेडाकडे धरला, मग चष्मा पुसून पुन्हा धरला. चष्मा पुसून आकडे कमी होत नाहीत हे त्याला आता या वयात कुणी सांगायला नको होतं, पण चष्मा पुसण्यात वेळ जातो, आणि त्या क्षणी त्याला वेळच हवा होता. कोरी नळी म्हणजे जिच्यात औषध नसतं. औषध ज्यात विरघळवतात तो द्रव तेवढा असतो. प्रत्येक प्रयोगात ती एक लावायची. तिच्यात काही घडायचं नाही आणि ते न घडणं आपण टिपून ठेवायचं, एवढीच तिची नोकरी. काशिवादाच्या हातांखालून आजवर अशा असंख्य नळ्या गेल्या होत्या आणि एकीनंही कधी डोकं वर काढलं नव्हतं. आज मात्र तिच्यात अगदी तितकंच घडलं होतं, जितकं शेजारच्या, टी-४१ घातलेल्या नळीत.

पेशीभोवती मेदाचा जो पातळ पडदा असतो तो फॉस्फोलिपिडांचा बनतो, आणि ती फॉस्फोलिपिडं तयार करणाऱ्या एन्झाइमांपैकी हा एक, मुकादमाच्या जातीचा. बाकीचे राबतात, हा झोपतो. पण हा उठल्याशिवाय कामाला वेग येत नाही. उओझुमी प्रयोगशाळेतले विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या त्याला ‘झोपाळू’ म्हणत आले होते. टी-४१ हे झोपाळूला उठवणारं रसायन. टी हा तोयामा शहराचा, आणि एक्केचाळीस एवढ्याचसाठी की आधीच्या चाळीस रसायनांनी त्याला साधी कूसही बदलायला लावली नव्हती. झोपाळू वेळेवर उठला तर चरबीनं भरलेलं यकृत सुधारेल, अशी त्यामागची आशा होती. या एका रसायनावर प्राध्यापक उओझुमींची सारी कारकीर्द उभी होती, तिच्या आडोशाला काशिवादाची, आणि येत्या शनिवारी दुपारी, निवृत्तीच्या आधीचं शेवटचं व्याख्यान म्हणून, उओझुमी सेन्सेई, म्हणजे उओझुमी गुरुजी, सगळ्या विद्यापीठासमोर तिचीच गोष्ट सांगणार होते. ‘जुनी आकृती दाखवायला लाज वाटते रे, एक ताजी करून दे,’ असं त्यांनी सांगितलं म्हणून तर काशिवादा आज हा प्रयोग करत होता.

घडलं ते मार्चमुळे घडलं. विद्यापीठाचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि खरेदी त्याच्या कितीतरी आधी बंद होते. मग साधा खिळा हवा असला तरी एप्रिलची वाट बघायची. कोऱ्यासाठी दरवेळी द्रवाची नवी काचेची बाटली फोडायची, ही सेन्सेईंची शिस्त. ‘कोरं म्हणजे आपल्याकडे आलेला पाहुणा. त्याला शिळं वाढाल तर याद राखा,’ असं ते नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी बजावायचे. पण नव्या बाटल्या संपल्या होत्या. म्हणून काशिवादानं शीतपेटीच्या तळातून कुणीतरी गेल्या वर्षी भरून ठेवलेली आणि विसरलेली, नुसत्या द्रवाची प्लास्टिकची नळी काढली आणि पाहुण्याला शिळं वाढलं. पाहुणा खडखडीत जागा झाला.

कारण कळायला फार डोकं लागलं नाही. डोकं लागलं असतं तर बरं झालं असतं, तेवढाच मान राहिला असता. शेजारच्या प्रयोगशाळेतून द्रवाची नवी बाटली आणि काचेच्या कुप्या मागून आणल्या, टी-४१ची भुकटी नव्यानं काचेत विरघळवली, आणि झोपाळू गाढ झोपून राहिला. पुन्हा केलं, पुन्हा झोपला. प्लास्टिकच्या नळ्या साच्यातून सहज सुटाव्यात म्हणून कारखानदार त्यांत काहीतरी तेलकट मिसळतात, ते पडून राहिलेल्या द्रवात हळूहळू उतरतं, आणि झोपाळू हा मेदाचा लोभी. त्याला तेलाचा नुसता वास पुरतो. टी-४१ कायम प्लास्टिकच्या नळ्यांत साठवलेलं असायचं आणि कोरं कायम काचेतून, नवंकोरं. दोघांत जो फरक दिसायचा तो औषधाचा नव्हता, भांड्याचा होता. या प्रयोगशाळेत जरा कमी नीटनेटकी माणसं असती तर हे पहिल्याच महिन्यात उघडं पडलं असतं. अति काळजी घेतल्यामुळे ते पाव शतक टिकलं.

त्या संध्याकाळी तो ट्राम सोडून चालतच निघाला. हिवाळाभर बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांतल्या नळांमधून जमिनीखालचं पाणी उडत असतं. आता बर्फ गेलं होतं आणि त्या पाण्याचा गंज तेवढा रस्त्यावर राहिला होता, तांबूस तपकिरी, शहराला एखादा जुना चहाचा डाग पडावा तसा. तातेयामाचे डोंगर स्पष्ट दिसत होते. डोंगर दिसले की तोयामातली माणसं एकमेकांना ‘आज दिसतायत’ असं सांगतात, जणू समोरच्याला डोळे नाहीत; वाटेत औषधाच्या दुकानदारानं त्याला तसं सांगितलं, काशिवादानंही ‘हो, दिसतायत’ म्हटलं आणि वर पाहिलं नाही. त्याला दिसत होता तो एक वेगळाच मार्च. तेव्हा तो विद्यार्थी होता, केस होते, आणि यंत्रातून आकडा बाहेर आल्यावर तो प्रयोगशाळेच्या सपाता पायांत तशाच ठेवून चिखलातून धावला होता, कारण सेन्सेई न्हाव्याकडे गेले होते. डोक्याची एक बाजू कापून झाली होती, दुसरी व्हायची होती. ‘उठला?’ सेन्सेईंनी आरशातूनच विचारलं. ‘उठला,’ काशिवादा म्हणाला. सेन्सेई गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट उभे राहिले आणि तसेच निघाले. न्हावी दारात कात्री घेऊन उभा. संध्याकाळपर्यंत ते अर्ध्या डोक्यानं प्रयोगशाळेत बसून होते, आणि कुणीतरी काढलेला तो फोटो पुढे प्रत्येक वर्षअखेरीच्या मेजवानीत भिंतीवर लागायचा. काशिवादा या आठवणीकडे नेहमी हात शेकायला जाई. आज मात्र तिच्या कोपऱ्यात त्याला एक पुठ्ठ्याचं खोकं दिसलं, जे तिथं आधीपासून होतं पण ज्याच्याकडे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. वर्षअखेर उरलेला निधी खर्ची टाकायचा म्हणून त्याच आठवड्यात प्लास्टिकच्या नळ्यांची पहिली पेटी आली होती. आधीची चाळीस रसायनं काचेत होती. एक्केचाळिसाव्याच्या नशिबी नवी नळी आली, आणि ती पेटी फोडणारे हात त्याचेच होते.

एकदा खोकं दिसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. न बोलावता, ओळीनं, लग्नात फोटोसाठी येतात तशा आठवणी येऊन उभ्या राहू लागल्या. टी-४१ जास्त घातलं की झोपाळू जास्त उठायचा, यावर किती समाधान वाटलं होतं. द्रव जास्त, तर तेलही जास्त. टी-४१चे भाऊबंद, म्हणजे त्याच घडणीची इतर रसायनं, तेही सगळे थोडेफार लागू पडले होते आणि एका परिषदेत त्याचं फार कौतुक झालं होतं. ते सगळे त्याच नळ्यांत राहत होते. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं नम्रपणे कळवलं होतं की आमच्याकडे हे रसायन काही करत नाही; सेन्सेईंनी त्याहून नम्र उत्तर लिहिलं आणि सोबत आपल्याकडच्या टी-४१ची एक नळी पाठवली. तिकडेही झोपाळू उठला. वाद मिटला, नाताळची शुभेच्छापत्रं सुरू झाली. आणि प्राणिगृहामागचा तो दगड. यकृतासाठी मारलेल्या उंदरांच्या स्मरणार्थ दर शरदात सगळे काळे कपडे घालून त्याच्यासमोर रांगेनं उभे राहायचे, एकेकानं शेवंतीचं फूल ठेवायचं, आणि सेन्सेई पुढे होऊन दगडाला सांगायचे की तुमच्यामुळे आम्हाला कळलं, आभारी आहोत. दरवर्षी तेच वाक्य, दरवर्षी तितकंच वाकून. आता येत्या शरदात दगडाला काय सांगायचं? काशिवादाला हसू आलं, पण ते पुलावरच्या वाऱ्यात अर्ध्यावर राहिलं. उंदरांना काय, त्यांना पहिल्यापासून शंका असेल.

घरी सुमिए, त्याची बायको, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून चिमट्यानं इवल्या माकुलांचे डोळे काढत होती. खाडीत काजव्यासारखी चमकणारी ही माकुलं मार्चमध्ये बाजारात येतात, आणि डोळे काढले नाहीत तर दातांखाली वाळूसारखे कचकचतात. चिमटा प्रयोगशाळेतून आलेला होता. संसारात त्यानं आणलेली ती एकमेव कामाची वस्तू, असं ती पाहुण्यांना सांगायची.

“आज डोंगर दिसत होते,” ती म्हणाली.

“हो म्हणे.” त्यानं हात धुऊन दुसरा चिमटा उचलला. “झोपाळू उठला.”

“मग रोज काय करतो?”

“औषधाशिवाय उठला.”

सुमिएनं एक डोळा काढून वाटीच्या कडेला पुसला. लग्नाआधी दोन वर्षं तिनं त्याच प्रयोगशाळेच्या कार्यालयात काम केलं होतं, त्यामुळे तिला समजावून सांगावं लागलं नाही, ती फक्त म्हणाली, “म्हणजे सगळंच?”

“नळीमुळे होत होतं. प्लास्टिकच्या.”

“अगं बाई.” थोडा वेळ दोघं माकुलांचे डोळे काढत राहिली. “सेन्सेईंना सांगितलंत?”

“शनिवारी व्याख्यान आहे.”

“ते मला माहीतेय, माझा किमोनो इस्त्रीला दिलाय. रविवारी सांगा की. एवढी वर्षं थांबलं ते एक दिवस थांबेल. म्हाताऱ्या माणसाला एक दुपार तरी सुखानं मिरवू द्या.”

“रविवारी सांगितलं तर ते विचारतील, कधी कळलं.”

“रविवारीच कळलं म्हणा.”

“रविवारी कुणी प्रयोग करतं का?”

“तुम्ही करता! लग्नाच्या वाढदिवशी केलेत.” मग चिमटा त्याच्याकडे रोखून, “खोटं बोलता येत नाही एवढंच ना?”

“त्यांच्याशी नाही जमत गं.”

“माझ्याशी बरं जमतं,” सुमिए म्हणाली, आणि मिसोच्या चटणीची वाटी त्याच्यापुढे सरकवली. बऱ्याच वेळानं, भांडी घासताना, पाठमोरीच म्हणाली, “आणि तुमचं काय?” एप्रिलमध्ये ओसाकाहून नवे प्राध्यापक येणार होते, आपली माणसं, आपली यंत्रं आणि आपला वेगळाच एन्झाइम घेऊन. काशिवादाला जिन्याजवळची खोली मिळणार होती आणि टी-४१चं उरलेलं काम निवृत्तीपर्यंत करत बसायची मुभा. ‘मुभा’ हा शब्द अधिष्ठात्यांनी फार प्रेमानं वापरला होता. आता ते कामही गेलं आणि नुसती मुभा उरली.

सांगायचं नाही असं त्यानं बुधवारी ठरवलं, गुरुवारी सांगायचं ठरवलं, आणि दोन्ही ठरवण्यांत त्याला सारखाच थकवा आला. ट्राममध्ये उभं असताना एकाएकी त्याच्या लक्षात यायचं की आपण श्वास रोखून धरलाय, जणू डबाभर माणसांना आपल्या तोंडातून काहीतरी ऐकू जाईल. भीती नेमकी कशाची, हे तो स्वतःलाच विचारून पाहत होता. सेन्सेई रागावतील याची नव्हती. ते कोसळतील याचीही, खरं सांगायचं तर, तितकीशी नव्हती. भीती होती ती या गोष्टीची की ते ‘असं होय’ म्हणतील, चहा ओततील आणि शनिवारी जाऊन ठरलेलं व्याख्यान ठरल्यासारखं देतील. मग आपण इतकी वर्षं कुणाच्या मागून चाललो तेही कळेनासं होईल. रसायन गेलं तर जाऊ दे, रसायनं पुष्कळ असतात. माणूस मात्र त्याच्याजवळ तेवढा एकच होता.

शुक्रवारी दुपारी तो गेला तेव्हा सेन्सेई जमिनीवर बसून पुस्तकं खोक्यांत भरत होते. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला पंचा बांधलेला. एखाद्या स्थलांतर करणाऱ्या कंपनीनं पाठवलेला म्हातारा मजूर वाटावेत असे.

“ये, काशिवादा-कुन. आकृती आणलीस? बस. खुर्ची गेली. खोक्यावर बस. त्यावर नको, त्यात चहाची भांडी आहेत.”

काशिवादा दुसऱ्या खोक्यावर बसला आणि त्यानं सांगितलं. वाटेत त्यानं जी वाक्यं जुळवली होती ती सगळी आदरार्थी आणि फार लांब होती. तोंडातून आली ती आखूडच आली.

“काचेत?” सेन्सेईंनी विचारलं.

“काचेत झोपतो.”

“भुकटी नवी होती?”

“नवी. मी स्वतः तोलली.”

“आणि कोरं, जुन्या नळीतलं?”

“उठतो. टी-४१ इतकाच.”

“कितीदा केलंस?”

“तीनदा. मग आज सकाळी पुन्हा.”

“पुन्हा कशाला? तीनदा पुरतं.”

“मन मानेना.”

“हं.” सेन्सेईंनी डोक्यावरचा पंचा सोडला, घडी घातली, घडी उलगडली. “कळलं कधी?”

“मंगळवारी.”

“आणि सुमिए-सान म्हणाल्या असतील, रविवारी सांगा.”

“हो.”

“शहाणी बाई. तिचं ऐकायला हवं होतंस.” हे त्यांनी हसत म्हटलं नाही. त्यांचा चेहरा काशिवादाला ओळखीचा वाटेना. ओठाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हलत होतं आणि त्यांना ते आवरता येत नव्हतं. “पेटी फोडली कुणी होती रे त्या वर्षी? प्लास्टिकच्या नळ्यांची?”

“मी.”

“आणि कोऱ्याला काचेचा हट्ट माझा. म्हणजे दोघं मिळून.” ते उठले, चिकटपट्टीची गुंडाळी शोधू लागले, ती त्यांच्या हातातच होती. “जा आता. मला खोकी बांधायची आहेत.”

“सेन्सेई, उद्या...”

“जा म्हटलं ना.”

काशिवादा बाहेर आला आणि दार लावून व्हरांड्यात उभा राहिला. आतून चिकटपट्टी ओढल्याचा फाडफाड आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा यायचा. खोलीत जेवढी खोकी होती त्यांच्या मानानं तो फारच वेळ येत राहिला.

शनिवारी सभागृह भरलं होतं. कानाझावा, निईगाता, कुठून कुठून जुने विद्यार्थी आले होते. काहींची पोटं सुटली होती, काहींची लग्नं, आणि सगळे एकमेकांना ‘तू काही बदलला नाहीस’ असं सांगत होते. पहिल्या रांगेत अधिष्ठाते आणि दोन जुने निवृत्त प्राध्यापक, त्यांच्यामागे किमोनोतली सुमिए. सूत्रसंचालन काशिवादाकडे होतं. शेवटच्या व्याख्यानाला प्रश्न विचारत नाहीत. सूत्रसंचालकानं आभाराचे चार शब्द बोलायचे, मग कार्यालयातली बाई पुष्पगुच्छ घेऊन येते, मग फोटो. काशिवादाच्या खिशात ते चार शब्द होते. सेन्सेईंनी सुरुवातीला त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी लहानपणीचं घर दाखवलं, पहिलं यंत्र दाखवलं, अर्ध्या डोक्याचा फोटो दाखवला, त्यावर अपेक्षित हशा झाला. आवाज नेहमीसारखाच, थोडा खरखरीत, निवांत. पुढे झोपाळू आला, मग टी-४१ची ती प्रसिद्ध आकृती आली, आणि काशिवादानं मान खाली घातली. देतायत. ठरलेलंच देतायत.

“हे रसायन,” सेन्सेई म्हणाले, “काहीही करत नाही.”

सभागृहात एक प्रेमळ हशा पसरला.

“मी आयुष्यभर जे औषध म्हणून दाखवलं, तो नळीतून सुटलेला मळ होता. आमचं कोरं चुकलं होतं. मला हे काल कळलं.”

हशा वाढला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. काशिवादाच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. शेवटच्या व्याख्यानात माणसानं स्वतःला कमी लेखायचं असतं, तीच रीत. गेल्या वर्षी दंतविभागाच्या प्राध्यापकांनी आपण इतकी वर्षं केवळ दुसऱ्याची खुर्ची अडवली असं सांगितलं होतं आणि लोक गहिवरले होते. आज सेन्सेईंनी त्यांच्यावर कडी केली, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. पुढच्या रांगेत एक निवृत्त प्राध्यापक शेजाऱ्याला सांगत होते, “काय हा विनय! अशी माणसं आता राहिली नाहीत.” सेन्सेईंनी तेच वाक्य पुन्हा, हळू, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. लोक आणखी हळवे झाले. किमोनोतली एकटी सुमिए हसत नव्हती. सेन्सेई थांबले. आकृती दाखवायची काठी त्यांनी टेबलावर ठेवली आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांनी काशिवादाकडे पाहिलं.

काशिवादा उठला. ध्वनिक्षेपकापर्यंतचं अंतर फार नव्हतं, पण तेवढ्यात त्याला स्पष्ट दिसलं की जे झालंय ते किती सोयीचं झालंय. खरं बोलून झालं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं. सेन्सेईंचं मन मोकळं, नाव शाबूत. त्याची स्वतःची मुभा शाबूत. अधिष्ठात्यांचे डोळे ओले. आता खिशातला कागद काढून ‘सेन्सेईंच्या या विनयानं आपण सारेच’ असं सुरू केलं की गुच्छ पुढे येईल. सत्य इतक्या स्वस्तात सुटताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो इतका दमला होता की हात आपसूक खिशाकडे गेलाही. पण समोर तो माणूस उभा होता, टेबलाला दोन्ही हात टेकून, अजून वाट बघत, आरशातून ‘उठला?’ असं विचारणाऱ्यानं ज्या नजरेनं वाट पाहिली होती त्याच नजरेनं. त्याला सहानुभूती नको होती, निकाल हवा होता.

“सेन्सेई विनयानं बोलत नाहीयेत,” काशिवादा म्हणाला. “खरं आहे. मी मोजलंय.”

याही वाक्याला थोडं हसू आलं, पण ते विरळ होतं आणि आपण का हसतोय याची हसणाऱ्यांना खात्री नव्हती. काशिवादा फळ्याकडे गेला. एका बाजूला ‘काच’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘प्लास्टिक’. खाली टी-४१, खाली कोरं. आकडे त्याला पाठ होते. खडू दोनदा मोडला. तो लिहीत असताना पाठीमागे शांतता पसरत गेली, आणि ती मागच्या रांगांपासून पुढे आली. जे अजून स्वतःच्या हातानं नळ्या भरतात त्यांना आधी कळलं, अधिष्ठात्यांना सर्वांत शेवटी. वळला तेव्हा कुणीही हसत नव्हतं. मध्येच एक खुर्ची करकरली आणि मघा विनयाचं कौतुक करणारे निवृत्त प्राध्यापक, कुणाकडेही न बघता, बाहेर निघून गेले.

मधल्या रांगेतून एक हात वर झाला. फुकिआगे, सेन्सेईंची जुनी विद्यार्थिनी, आता एका औषध कंपनीत. शेवटच्या व्याख्यानात वर झालेल्या हाताकडे लोक असे पाहत होते, जणू तिनं तिथं शिजवायला चूल मांडली.

“माझा प्रबंध टी-४१च्या भाऊबंदांवर आहे,” ती उभी राहून म्हणाली. “तोही?”

“तोही,” सेन्सेई म्हणाले. “फुकिआगे-सान, मला माफ करा.” आणि ते वाकले, कमरेतून, बराच वेळ. त्यांच्या डोक्याचा विरळ झालेला मध्य सगळ्यांना दिसला.

“म्हणजे मी तीन वर्षं भांड्यांवर प्रबंध लिहिला.” कुणीतरी एकटंच खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. फुकिआगे बसेल असं वाटलं, पण ती बसली नाही. ती फळ्याकडे बघत होती, भुवया जुळवून, चिडलेली, आणि मग त्याच चिडक्या आवाजात तिनं विचारलं, “पण उठतो तर खरा ना? त्या नळीतून जे सुटतं, ते नेमकं काय आहे?”

सेन्सेई सरळ झाले. त्यांनी काशिवादाकडे पाहिलं. “नेमकं काय आहे?”

“तेलकट काहीतरी. नेमकं शोधलं नाही.”

“का?”

“मंगळवारपासून... वेळ गेला.”

“सांगू की नको यात गेला,” सेन्सेई म्हणाले. मग फळ्यापाशी येऊन त्यांनी त्याच्या हातातला मोडका खडू घेतला. “हे बघा फुकिआगे-सान, आधी नुसती नळी. दुसरं काही नाही. वेगवेगळ्या कारखान्यांच्या नळ्या घ्यायच्या...” ते लिहू लागले. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडून म्हणालं की गरम पाण्यानं धुतलेली नळीपण घ्या. सेन्सेईंनी मान न वळवता ते लिहिलं. कार्यालयातली बाई पुष्पगुच्छ घेऊन जिन्याशी आली, थांबली, अधिष्ठात्यांकडे पाहू लागली. अधिष्ठाते घड्याळाकडे पाहू लागले. फुकिआगेचा चेहरा निवळला नव्हता. ती उभीच होती आणि मध्येच, रागानंच, “नाही, ते उलटं करा, कोरं काचेत नको आता,” असं म्हणत होती. सेन्सेईंच्या कोटाची बाही खडूनं पांढरी झाली होती. फळा भरला तेव्हा ते वळले आणि सगळ्या सभागृहादेखत, घरात असल्यासारखे म्हणाले, “काशिवादा-कुन, माझी किल्ली महिनाअखेर परत जाईल. सोमवारी तू मोकळा आहेस का?”

“मोकळाच आहे,” काशिवादा म्हणाला. तो निवृत्तीपर्यंत मोकळाच होता.